बोअरचं पाणी आणि पृथ्वीचा भोवरा

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, पृथ्वीचं परिवलन शिकवताना मुलांच्या हातात भोवरा द्या. एकदा तो तसाच फिरवा. मग एका बाजूला ओल्या मातीची छोटी गोळी चिकटवून फिरवा. आता तो डगमगतो, कारण वजन एकीकडे जास्त झालं.

पृथ्वीचंही तसंच. तिच्यावरचं वस्तुमान इकडून तिकडे गेलं की फिरण्याचा अक्ष किंचित सरकतो. उपसलेलं भूजल वापरून झाल्यावर बरंचसं शेवटी समुद्रात जातं. 1993 ते 2010 या काळात जगातलं सुमारे 2150 अब्ज टन भूजल कमी झालं आणि त्यामुळे ध्रुव जवळपास 80 सेंटिमीटर पूर्वेकडे सरकला, असं शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये मांडलं. त्यात पश्चिम उत्तर अमेरिका आणि वायव्य भारत यांचा वाटा मोठा.

एवढ्यानं ऋतू बदलत नाहीत, हेही मुलांना सांगा. पण 2012-13 चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या जालन्यात खरा प्रश्न वेगळा आहे: बोअर आटला की आणखी खोल जायचं, की पाणी जमिनीत मुरवायचं? जुन्या जालन्यातल्या आपल्या घराच्या छतावरचं पावसाचं पाणी कुठं जातं, हे मुलांना शोधून वहीत लिहायला सांगा.