कवितेतून वास्तूकडे : गोपुरीच्या भिंती आणि आपला वाचनकोपरा



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. वास्तुरचना हा आमचा विषय नव्हे, बी. ए. ला मराठी साहित्य होते, एवढेच. तरीही विहाराच्या आवारातील दहा बाय बारा फुटांच्या मोकळ्या जागेत वाचनकोपरा करावा व तेथे धम्मपदाच्या गाथा असाव्यात, असा विषय निघाला, तेव्हा आम्हाला एक प्रश्न पडला. भिंतीवर गाथा लिहिली म्हणजे काम झाले काय?

उत्तरासाठी दूर जावे लागले नाही. वर्ध्यातच गोपुरीला विश्वशांती स्तूपाशेजारी गीताई मंदिर आहे. स्तूप पाहायला आपण सहकुटुंब जातो. शेजारी मात्र फारसे थांबत नाही. बाबासाहेबांनी गीतेची केलेली कठोर चिकित्सा आपल्याला ठाऊक आहे आणि ती आम्हाला मान्यही आहे. परंतु येथे आपण ग्रंथाच्या शिकवणीचा नव्हे, वास्तूच्या रचनेचा अभ्यास करीत आहोत.

गोपुरीला काय दिसते?

विनोबांच्या आईला संस्कृत कळत नव्हते. तिला कळेल अशी गीता मराठीत हवी, या ओढीतून त्यांनी १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ पद्यात रचली. ती १९३२ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८० साली विनोबांच्याच हस्ते या मंदिराचे उद्घाटन झाले. तेथे मूर्ती नाही, छप्पर नाही. उभ्या शिलांची भिंत आहे आणि तिच्यावर अठराही अध्याय कोरलेले आहेत. माणूस भिंतीच्या कडेने चालतो आणि वाचतो. पान उलटण्याऐवजी पाऊल पुढे टाकायचे!

यातला धडा असा की, जे काव्य न शिकलेल्या आईसाठी मराठीत आले, त्याची वास्तूही तशीच झाली. वाचणारा आणि अक्षर यांच्यामध्ये तेथे कोणी उभा नाही. काव्याचा हेतू भिंतींत उतरला.

मग आपण काय करावे?

गोपुरीची नक्कल करू नये. आपल्या काव्याची बांधणी पाहावी. धम्मपदात २६ वग्ग व ४२३ गाथा आहेत. एवढ्याशा जागेत सगळ्या कोंबल्या तर एकही वाचली जाणार नाही. पहिलाच वग्ग घ्या, यमकवग्ग. यमक म्हणजे जोडी. पहिल्या गाथेत मलिन मनामागे येणाऱ्या दुःखाला बैलामागच्या चाकाची उपमा आहे. दुसरीत निर्मळ मनामागे येणाऱ्या सुखाला सोबत न सोडणाऱ्या सावलीची. या दोनच गाथा पुरेत.

जोडीसाठी दोन भिंती समोरासमोर हव्यात. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. पूर्व व पश्चिम मोकळी. मुलगा मध्ये बसेल, त्याच्या एका हाताला चाक, दुसऱ्या हाताला सावली. कोणीकडे वळायचे ते त्याने ठरवावे. सकाळी पूर्वेकडून आत येताना त्याची स्वतःचीच सावली त्याच्यापुढे पडेल. सायंकाळी ती मागून येईल. गाथेचा अर्थ सांगायला वेगळा फलक लागणार नाही.

छप्पर मात्र हवे. गोपुरीला माणूस चालतो, आपली मुले तासन् तास बसणार. वर्ध्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा भिंतीची सावली पुरत नाही. मधल्या भागावर छप्पर घालून पूर्वेची व पश्चिमेची कड उघडी ठेवावी.

अक्षरे कोरण्यापूर्वी गाथा कागदावर मोठ्याने लिहून भिंतीला चिकटवा. पाली वर, मराठी अर्थ खाली. जमिनीवर बसलेल्या पाचवीच्या मुलाला आणि चष्मा लावणाऱ्या आजीला, दोघांनाही वाचता आले तरच दगडाला हात लावा.

एक नाजूक गोष्ट

आपल्याकडे वास्तू उभी राहिली की नजरेच्या उंचीवर संगमरवरी पाट्या लागतात. त्यांवर दात्यांची नावे, रकमा. दान मोठेच आहे. पोटाला चिमटा काढून दिलेल्या शंभर रुपयांचे मोल कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या आम्हाला कळते. पण मुलाने मान वर केली की त्याला रक्कम दिसावी की गाथा? दात्यांची नावे बाहेर, प्रवेशाच्या पायरीजवळ असावीत. ती ओलांडूनच आत यावे लागेल. यातही मान आहेच.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. आवडीची एक गाथा किंवा कविता निवडा. ती कोणासाठी रचली आहे?
२. तिची बांधणी कशी आहे : जोडी, प्रश्नोत्तर की पायऱ्या?
३. तीच बांधणी दहा बाय बारा फुटांत कागदावर आखा.

आराखडे समितीकडे आणून द्या. भिंत नंतर बांधता येईल. आधी कविता नीट वाचलेली असली पाहिजे.