पाणी ओसरले, धास्ती ओसरेना

वारणा आणि पंचगंगा या आपल्या नद्या. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही फुगल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पेठ वडगावच्या आसपास, वारणाकाठच्या माणसांनी गुरेढोरे घेऊन घरे सोडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले.

पाणी उतरले. गाळ काढला. पण काहींची धास्ती गेली नाही. एखादी बाई म्हणते, "आभाळ भरून आलं की छातीत धडधडतंय. रातीचं दचकून जाग येतीया." शेजारी म्हणतात, "मन घट्ट कर की." कोणी म्हणते, "बाहेरचं हाय, अंगारा लाव."

ही बाधा नव्हे. भित्रेपणाही नव्हे. संकट आले की जीव वाचवायला शरीर सावध होते. छाती धडधडते, श्वास चढतो. संकट गेले की हे शांत व्हावे. काहींचे होत नाही. पत्र्यावर पाऊस वाजला की त्यांच्या शरीराला वाटते, पूरच आला!

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. वाचलेल्या माणसांना डॉक्टरांनी तपासले. पुष्कळांना असाच त्रास होता. म्हणजे हे दुखणे आपल्याच गावचे नव्हे.

मग करावे काय? आधी पोटाला अन्न, अंगावर कोरडे कपडे, जवळ घरची माणसे. मग ऐकावे. "काय काय झालं, सगळं सांग," असे खोदून विचारू नये. त्याने कधी कधी त्रास वाढतो. माणूस आपणहून बोलेल तेव्हा कान द्यावा.

धडधड सुरू झाली तर पाय जमिनीवर टेकवून बसावे. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. डोळ्यांपुढच्या पाच वस्तूंची नावे घ्यावी : चूल, घागर, दार, सूप, खुंटी. मन आजच्या दिवसावर येते. दारूने मात्र झोप लागल्यासारखी वाटते, त्रास वाढतो.

बऱ्याच जणांचे काही आठवड्यांत आपोआप निवळते. महिना उलटूनही झोप नाही, कामात लक्ष नाही, जगणे नकोसे वाटते, तर डॉक्टरकडे जावे. जगणे नकोसे वाटत असेल तर महिना थांबूच नये. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणारे जाणकार असतात. ते एकदम नदीवर नेत नाहीत. आधी त्या रात्रीबद्दल थोडे थोडे बोलायला लावतात. मग लांबून नदी बघायची. मग सोबतीने काठापर्यंत जायचे. भीती एकेक पायरी उतरते. याला आठवडे लागतात. घाई कामाची नाही. गरज पडली तर डॉक्टर गोळ्याही देतात. त्या मनाने बंद करू नयेत.

सरकारची 'टेलि-मानस' ही फोनची सोय २०२२ साली सुरू झाली. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. रात्रीही फोन लागतो, आणि मराठीत बोलता येते. हा नंबर पाटीवर दोनदा लिहून काढा.