बारा तासांची ड्यूटी आणि दुखणारी टाच

प्रश्न : मी सोलापूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. बारा-बारा तास उभं राहावं लागतं. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ येते. कसे बूट घ्यावेत?

उत्तर : ताई, सकाळच्या पहिल्या पावलांना टाच दुखणं हे बहुधा तळपायाच्या पडद्याला सूज आल्याचं लक्षण असतं. पातळ, सपाट तळव्याच्या चपला किंवा बेली घालून दिवसभर उभं राहिल्यास ते वाढतं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ड्यूटीवरचे मोजे घालूनच माप पाहा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा हवी. मग बूट हातात घेऊन वाकवा : तो बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबल्यावर लगेच चेपला, तर तो बूट घेऊ नका. टाच दोन-तीन सेंटीमीटर उंच चालेल. ओल्या फरशीसाठी न घसरणारा रबरी तळ हवा. सुई किंवा औषध पायावर पडू शकतं, म्हणून वरचा भाग बंद आणि पुसता येण्याजोगा असावा.

शक्य असल्यास दोन जोड आलटून-पालटून वापरा. रोज भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. पायांना मुंग्या येत असतील, मधुमेह असेल किंवा काही आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. रुग्णांची काळजी घेताना स्वतःचं दुखणं अंगावर काढू नका.