जुन्या धनुष्याची गोडी

मुलांनो, उर्दूत तुम्ही ज्याला कमान म्हणता, त्याला मराठीत धनुष्य म्हणतात. मराठीतही 'कमान' हा शब्द आहे. पण तो दरवाजावरच्या किंवा पुलाखालच्या गोलाकार बांधकामासाठी वापरतात. 'तीर' आणि 'तिरंदाज' हे शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

या पाठात आपण अमेरिकेतल्या जुन्या धनुष्यांची ओळख करून घेऊ. ती 1950 ते 1970 च्या सुमारास तयार झाली. आज त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान धनुष्ये मिळतात. तरीही काही तिरंदाज हौसेने ही जुनी धनुष्येच हातात घेतात. असे का बरे?

प्रथम त्यांचा आकार पाहा. साधे धनुष्य चंद्रकोरीसारखे वाकलेले असते. या धनुष्याची दोन्ही टोके मात्र पुढच्या बाजूला, म्हणजे तिरंदाजापासून दूर वळलेली असतात. अशा धनुष्याला 'रिकर्व्ह' म्हणतात. दोरी ओढली की ही वळणे हळूहळू उलगडतात. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या साध्या धनुष्यापेक्षा त्यात अधिक शक्ती साठते. ही युक्ती फार जुनी आहे. तुर्कस्तान आणि मध्य आशियातील घोडेस्वार लाकूड, शिंग आणि जनावरांच्या कंडरांचे तंतू एकमेकांना चिकटवून अशीच आखूड धनुष्ये बनवत.

अमेरिकेत या धनुष्याला घरोघरी पोचवणाऱ्यांत फ्रेड बेअर (1902–1988) यांचे नाव मोठे आहे. 1927 साली त्यांनी डेट्रॉइट शहरात तिरंदाजीवरचा एक चित्रपट पाहिला आणि त्यांना या विद्येचे वेडच लागले. पुढे मिशिगन राज्यातील ग्रेलिंग या लहानशा गावी त्यांचा धनुष्यांचा कारखाना उभा राहिला. मध्ये मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचे थर, अशी ही धनुष्ये असत. लाकूड एकटे असते तर कालांतराने वाकून ढिले पडले असते. फायबरग्लासमुळे ते टिकले. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीचे धनुष्य आजही बाण सोडू शकते.

मग 1969 साली 'कंपाउंड' धनुष्याचे पेटंट निघाले. त्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढल्यावर ही चाके हातावरचा बराचसा भार स्वतः घेतात. शिवाय नेम धरण्यासाठी दुर्बिणीसारखे भिंगही लावता येते. हे धनुष्य काही कमी दर्जाचे नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, ते कंपाउंड धनुष्यानेच.

आता समजा, तुम्ही मैदानावर प्रशिक्षकाजवळ उभे आहात आणि तुमच्या हातात जुने रिकर्व्ह आहे. त्यावर 45 पौंड असा आकडा लिहिला आहे. म्हणजे दोरी 28 इंच मागे ओढली, की बोटांवर सुमारे 20 किलोचा भार येतो. तो कोणी हलका करत नाही. जितका वेळ तुम्ही थांबाल, तितका हात थरथरू लागेल. (नवशिक्याने याच्या निम्म्या भारापासून सुरुवात करावी, हे बरे.) नेम धरायला भिंग नाही, खूण नाही. बाण मुठीवरच्या एका छोट्या खाचेवर टेकवायचा, नजर लक्ष्यावर रोखायची, दोरी दर वेळी गालाच्या त्याच जागी आणायची आणि बोटे सैल सोडायची. बाण डावीकडे गेला तर दोष कोणाचा? धनुष्याला बोल लावता येत नाही! बोटे अडखळली असतील किंवा खांदा ढिला पडला असेल. दहा बाणांतला एक नेमका मध्यावर बसला, की तो आपल्या स्वतःच्या शरीराने मारलेला असतो. मला वाटते, या धनुष्याची खरी गोडी इथेच आहे.

पण जुनी वस्तू डोळे मिटून घेऊ नये. बेअर यांच्या अनेक धनुष्यांवर 'कॅनडा 1953' असे छापलेले असते. ते पाहून पुष्कळ जण धनुष्य 1953 सालचेच समजतात आणि जादा पैसे मोजतात. ते पेटंटचे साल आहे, धनुष्याचे नव्हे! त्यापेक्षा धनुष्य उजेडात धरून पाहावे. दोरी दोन्ही टोकांच्या मधोमध बसते का? नसेल तर एखादी बाजू पिळलेली आहे. लाकूड आणि फायबरग्लास यांच्या सांध्यावर कापसाचा बोळा फिरवावा. तंतू कोठे अडकले, तर तेथे चीर आहे. असे धनुष्य ओढताना तुटले, तर डोळ्याला इजा होऊ शकते.

दोरीही जपून निवडावी लागते. आजच्या काही दोऱ्या मुळीच ताणल्या जात नाहीत. त्यांचा हिसका जुन्या टोकांना सोसत नाही. अशा धनुष्याला थोडी ताणली जाणारी डेक्रॉनची दोरीच लावतात. आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. एरवी धनुष्याची बहुतेक शक्ती बाण घेऊन जातो. बाणच नसेल, तर ती शक्ती परत धनुष्यातच शिरते आणि साठ वर्षे टिकलेले लाकूड एका क्षणात फुटू शकते.

खेळ संपला, की दोरी उतरवतात. धनुष्य कोपऱ्यात टोकावर उभे करत नाहीत, कारण ते पिळते. उन्हात बंद मोटारीतही ठेवत नाहीत, कारण आतला डिंक सुटतो. भिंतीवर दोन खुंट्या ठोकून त्यांवर ते आडवे ठेवतात.