उघड्या दाराचे घर

एका रविवारी आजी, आई, वडील व दोन मुले असे एक कुटुंब साताऱ्याहून पुणे पाहावयास आले. प्रथम मंडळी शनिवारवाड्यापाशी थांबली. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे पाहून धाकटा मुलगा थक्क झाला. वडील म्हणाले, "हत्तींनी धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ही योजना. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली या वाड्याचा पाया घातला. पुढे १८२८ साली आग लागून आतील महाल जळाले. आता तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी उरली आहेत."

तेथून सर्व जण बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागी आले. तेथील जुनी वास्तू स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. "मग येथे पाहायचे तरी काय?" मुलाने विचारले.

"जागा पाहायची," वडील म्हणाले. "१८४८ साली येथे जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या शाळेत निघाल्या की लोक त्यांच्या अंगावर शेणमाती फेकीत. पण त्यांनी शाळेची वाट सोडली नाही."

दुपारी मंडळी गंज पेठेतील फुलेवाड्यात पोचली. पडवी असलेले ते बसके घर पाहून मुलगा हिरमुसला. "एवढेसेच घर!" तो म्हणाला. आईने त्याला अंगणातील विहिरीपाशी नेले.

"१८६८ साली जोतीरावांनी ही विहीर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुली केली. त्या काळी त्यांना पाणवठ्याला हात लावण्याची मनाई असे. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतील, तेव्हा त्यांची तहान भागे."

"पण विहीर तर जोतीरावांचीच होती. स्वतःची विहीर खुली करण्यात एवढे कसले धाडस?"

"परक्याला उपदेश करणे सोपे असते, बाळ. आपल्या घराचे दार उघडले, की शेजारी रुसतात, आप्त दुरावतात. शाळेपायी तर या दोघांना जोतीरावांच्या वडिलांचे घरही सोडावे लागले होते."

मुलगा काही वेळ विहिरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्या वाड्याचे दार लोकांना अडविण्यासाठी होते, हे दार मात्र लोकांनी आत यावे म्हणून उघडले होते."

जोतीरावांचे देहावसान २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. त्यांची समाधी याच वाड्यात आहे. सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. हे ऐकून आजीने समाधीपुढे हात जोडले.

"आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस ग?" नातीने विचारले.

"चौथीपर्यंत. पुढे धाकटी भावंडे सांभाळण्यासाठी मला घरी ठेवले. दादाचे पुस्तक मी चुलीच्या उजेडात वाचीत असे. म्हणूनच तुझ्या आत्याची शाळा बंद करण्याचे घाटत होते, तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. शेवटी तिचे नाव शाळेत राहिले."

आजी भिंतीवरील माहितीफलकापाशी गेली आणि एकेक अक्षर लावीत वाचू लागली. नात मदतीसाठी पुढे सरसावली. पण आईने तिचा हात हळूच धरला. शेवटच्या ओळीपर्यंत आजीने सारे स्वतःच वाचले.