बावीस अक्षरांची चिठ्ठी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही कधीतरी तक्ता लावून उभे राहिला असाल. पाहुणे येतात, तक्ता वाचतात आणि प्रश्न विचारतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नाही. मग आपण खाली पाहतो. मोठमोठे शास्त्रज्ञही असेच तक्ते लावून उभे राहतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांच्या या मेळाव्यांना वैज्ञानिक परिषदा म्हणतात. लहान आरएनए नावाच्या एका अतिसूक्ष्म वस्तूसाठी अशा परिषदा भरतात. तिची हकिकत ऐका.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनए असते. ते शरीराचा मूळ दस्तऐवज आहे. मूळ दस्तऐवज कचेरीबाहेर नेत नाहीत. त्याची नक्कल देतात. ('नक्कल' हा शब्द तुम्हांला परका नाही. तुमच्या उर्दूत त्याला 'नक्ल' म्हणतात.) डीएनएच्या एका भागाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिने तयार होतात. आरएनएची भाषा फक्त चार अक्षरांची आहे : ए, यू, जी आणि सी. ए ची जोडी यूशी जमते, जी ची सीशी.

आता एका किड्याकडे वळू. सी. एलेगन्स हा मातीत राहणारा सूत्रकृमी आहे. त्याची लांबी जेमतेम १ मिलिमीटर. तो पारदर्शक असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे तुमच्या खुर्दबिनीतून, त्याच्या जिवंत पेशी दिसतात. याचे 'लिन-४' नावाचे जनुक बिघडले की त्याची वाढ अडखळते. तो बालपणाच्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत राहतो. 'लिन-१४' हे दुसरे जनुक गरजेपेक्षा जास्त काळ काम करीत राहिले, तरी हाच दोष दिसतो. असे का व्हावे?

अमेरिकेत व्हिक्टर अँब्रॉस लिन-४ चा अभ्यास करीत होते आणि गॅरी रव्हकन लिन-१४ चा. पूर्वी दोघांनी एकाच प्रयोगशाळेत काम केले होते. अँब्रॉस यांच्या गटाने लिन-४ पासून तयार होणारे प्रथिन शोधले. प्रथिन मिळालेच नाही! मिळाला तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तिकडे रव्हकन यांच्या लक्षात आले, की लिन-१४ ला आवरणारी जागा त्याच्या नकलेच्या शेपटीत आहे. तिला कोण आवरते, ते मात्र कळत नव्हते.

जून १९९२ मध्ये दोघांनी आपापली अक्षरे टेलिफोनवर एकमेकांना सांगितली. हे काम तेव्हा कोठेही छापून आलेले नव्हते. एकाने अक्षरे वाचावीत आणि दुसऱ्याने आपल्या कागदावर जोडी शोधावी. ए समोर यू, जी समोर सी. अक्षरे जुळू लागली! लिन-४ ची ती छोटी चिठ्ठी लिन-१४ च्या नकलेला शेपटीजवळ चिकटत होती आणि प्रथिनाचे काम थांबवीत होती. कुलूप एकाजवळ होते, किल्ली दुसऱ्याजवळ. दोघांनी आपले कागद लपवून ठेवले असते, तर हा उलगडा व्हायला आणखी किती वेळ लागला असता कोण जाणे!

डिसेंबर १९९३ मध्ये दोन्ही गटांचे निबंध 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. पण फारशी खळबळ झाली नाही. ही त्या किड्याचीच काही खास तऱ्हा असावी, असे बहुतेकांना वाटले. मला या कथेत हीच सात वर्षे सर्वांत अवघड वाटतात. २००० साली रव्हकन यांच्या गटाला 'लेट-७' हा दुसरा लहान आरएनए सापडला. तो माशी, मासा आणि माणूस यांच्यातही निघाला. मग मात्र चित्र पालटले. पुढच्याच वर्षी या तुकड्यांना 'मायक्रोआरएनए' हे नाव मिळाले.

दरम्यान १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुहेरी आरएनए वापरून याच किड्यातील जनुके गप्प करून दाखवली. त्यांना २००६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. अँब्रॉस आणि रव्हकन यांना तो २०२४ साली मिळाला.

न्यूयॉर्कजवळ समुद्रकाठी कोल्ड स्प्रिंग हार्बर ही संशोधन संस्था आहे. १९५३ साली जेम्स वॉटसन यांनी डीएनएच्या दुहेरी रचनेबद्दल येथल्याच परिषदेत भाषण केले होते. २००६ साली त्याच परिषदेचा विषय होता नियंत्रण करणारे आरएनए. अशा परिषदांत भाषणे होतात, तक्ते लावले जातात. तेथे तरुण विद्यार्थी नामांकित प्राध्यापकालाही प्रश्न विचारू शकतो. माझ्या मते खरे काम तक्त्यांपाशी आणि चहाच्या टेबलाशी होते. पूर्ण झालेले काम पुढे छापून येतेच. अर्धवट काम ऐकायचे तर समोरासमोर भेटावे लागते.

आता या परिषदांना डॉक्टरही येतात. २००२ साली एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दोन मायक्रोआरएनए नाहीसे किंवा कमी झालेले आढळले. २०१८ साली अमेरिकेत 'पॅटिसिरान' या औषधाला मंजुरी मिळाली. नसांना इजा करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावरचे हे औषध म्हणजे लहान दुहेरी आरएनएच होय. 'इन्क्लिसिरान' हे दुसरे औषध रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करते. सुरुवातीच्या मात्रांनंतर त्याचे इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यावे लागते.

पण प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे समजू नका. कर्करोगावर मायक्रोआरएनएसारखेच औषध देऊन पाहण्याची एक चाचणी २०१६ साली थांबवावी लागली, कारण काही रुग्णांवर त्याचे गंभीर दुष्परिणाम झाले. चिठ्ठी योग्य पेशीलाच कशी पोहोचवायची आणि शरीराने तिला शत्रू समजू नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न घेऊन आजही कोणीतरी तक्त्यापाशी उभा असतो.

स्वाध्याय
(१) अँब्रॉस यांना काय सापडले आणि रव्हकन यांना काय कळत नव्हते?
(२) १९९३ च्या शोधाकडे अनेकांनी दुर्लक्ष का केले?
(३) 'नक्कल', 'दस्तऐवज', 'कागद' यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.