आधी ऐक, मग खोल

रेवदंडा

चि. बंड्यास,


काल फोनवर म्हणालास, "मामा, सुमो ठोकतेय. आधी सकाळी गार असताना टकटक करायची, आता गरम झाली तरी थांबत नाही. काशीदच्या चढावर तर वाढते." आणि लगेच रविवारच्या मुरूडच्या भाड्याचं विचारलंस. ते भाडं दुसऱ्याला दे. जुनं डिझेल थोडं बोलणारच, पण आठवड्यागणिक वाढणारा आवाज घेऊन गाडी फिरवायची नसते.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. तुझ्या इंजिनात हवा सुमारे विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते आणि इतकी तापते की नोझलमधून आलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. गार इंजिनात पेटायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात जमलेलं डिझेल एकदम भडकतं. ती सकाळची टकटक. गाडी तापली की ती टकटक थांबते. झिजलेल्या बेरिंगच्या ठोक्याचं उलट असतं. गार ऑइल घट्ट असल्याने झीज झाकली जाते. ते तापून पातळ झालं की ठोका उघडा पडतो. म्हणून तुझं "गरम झाली तरी" मला खटकलं.

आता स्वस्तापासून महागाकडे जा. डिपस्टिक ओढ, ऑइल बोटांत चोळ, वास घे. डिझेलचा वास आला आणि पातळी वर चढलेली दिसली, तर डिझेल ऑइलात उतरतंय. बहुधा एखादं नोझल गळतंय. आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकला तर इंजिन तिथेच बंद कर, पुढचं काही करू नकोस. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढ. पट्टा उतरवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालव. आवाज गेला तर दोष आल्टरनेटरचा किंवा वॉटर पंपाचा. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का ते बघ. इंजिनाच्या माउंटिंगचं रबर बघ, आपल्या खाऱ्या हवेत त्याच्या ब्रॅकेटवरही भरवसा नको.

एवढं करूनही ठोका राहिला तर सतरा नंबरचा पाना घे. आयडलिंगवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल कर, ऐक, पुन्हा आवळ. डोळ्यांना चष्मा हवा, नटावर चिंधी हवी, हात लांब हवा. दाबाने उडालेलं डिझेल कातडीत घुसतं. आणि हे तुझ्या जुन्या पंपाच्या इंजिनावरच. कॉमन रेलच्या गाडीला असा हात कधी लावायचा नाही.

नट सैल केल्यावर इंजिन अडखळायला हवं. अडखळलं नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. ठोका दबला, तर दोष त्याच सिलिंडरचा. पण नोझल की बेरिंग, हे एवढ्याने कळत नाही, इथेच पुष्कळ जण घाईने इंजिन उतरवतात. नवे वॉशर घालून ते नोझल शेजारच्याशी बदल. ठोका नोझलबरोबर सरकला, तर नोझल टेस्टिंगला दे. जागचा हलला नाही, तर ऑइल फिल्टर कापून कागद उन्हात धर. त्यात चकचकीत कण दिसले तर बेरिंगचं काम निघालं समज. चारही सिलिंडर सारखेच ठोकत असतील तर पंपाचं टायमिंग पुढे गेलंय का ते तपासून घे.

माझी चूक सांगतो. माझ्या जीपला असाच ठोका होता. "पेणला जाऊन येऊ, मग बघू," म्हणून मी निघालो. कार्लेखिंडीच्या चढावर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. बेरिंगच्या एका जोडीचं काम होतं, ते अख्ख्या इंजिनावर गेलं. घरी टेम्पोच्या मागे दोर बांधून आलो.

आपल्या बंदरातला तांडेल झोपेतही होडीच्या इंजिनाचा सूर बदलला की उठून बसतो. त्याच्याकडे तपासायचं कुठलं मशीन नसतं; रोज एकच आवाज ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो. तूही रोज सकाळी गाडी सुरू केलीस की दोन मिनिटं रेडिओ बंद ठेव.

कुठल्या नंबरचा सिलिंडर ठोकतोय ते सापडलं की फोन कर. तोवर हेडच्या नटाला हात लावू नकोस.

तुझा,
मामा